कार्डाच्या समासात

(नॉर्थ कॅरोलायना, १९७३. अर्ध्या मैलाच्या धावपट्टीवरची मोटारशर्यत संपून दहा मिनिटं झालीत. नोंदीच्या माडीवर तिघंच उरलीत: नोंदींचे प्रमुख मिस्टर क्लेग आणि आपापल्या नवऱ्याच्या गाडीच्या फेऱ्या लिहिणाऱ्या व्हेल्डा आणि अर्लीन.)

क्लेग : एकशे एकोणपन्नास. तिसऱ्यांदा मोजल्या, व्हेल्डाबाई. दीडशे फेऱ्यांच्या शर्यतीत तुमच्या कॉयच्या एकशे एकोणपन्नास.

व्हेल्डा : अहो, पण रेषेवर पहिला तोच आला ना! खाली लोक टोप्या उडवताहेत, त्या काय उगाच?

क्लेग : टोप्यांवर निकाल लागत नाही, कार्डावर लागतो. गाडी रेषेवरून गेली की घड्याळात बघायचं आणि चौकटीत वेळ लिहायची. लिहिली नाही तर ती फेरी झालीच नाही. गेल्या वर्षी त्या नव्या मुलीला हे तुम्हीच सुनावलं होतंत.

व्हेल्डा : सुनावलं होतं हो. आता माझेच दात माझ्याच घशात.

अर्लीन : पाणी पी आधी.

व्हेल्डा : पाणी कसलं पाजतेस! अकरा वर्षं झाली, अर्लीन. एक फेरी चुकली नाही माझी. धाकटीच्या वेळी कळा सुरू झाल्या, तरी शेवटची फेरी लिहून मग दवाखाना गाठला.

क्लेग : ही बघा, सत्त्याण्णवावी. आधीची वेळ दोन वाजून एक्केचाळीस मिनिटं आणि सहा सेकंद. तिच्याखाली थेट दोन एक्केचाळीस बावन्न. मध्ये शेहेचाळीस सेकंद गेले. कॉयची फेरी होते तेवीस सेकंदांची.

व्हेल्डा : मग झालंच की! फेऱ्या दोन झाल्या, एक लिहायची राहिली. शाळेतलं पोरही सांगेल.

क्लेग : किंवा गाडी पिटमध्ये, दुरुस्तीच्या जागेत शिरली, टायर बघून घेतला आणि बाहेर आली. नेमका तेव्हाच धूर होता सगळीकडे. शिरली नाही हे तुम्ही बघितलंत?

व्हेल्डा : नाही.

अर्लीन : व्हेल्डा!

व्हेल्डा : खोटं कशाला बोलू? कॉय भिंतीला घासला, चाकातून धूर निघाला आणि मी डोळे मिटून घेतले. त्याच वळणावर माझ्या भावाचा पाय गेलाय. उघडले तेव्हा त्याची पिवळी गाडी समोरून येत होती. मला वाटलं, क्षणभरच मिटले होते.

क्लेग : माझाही जीव तुटतो, बाई. पण बायकोच्या शब्दावर नवऱ्याची फेरी चढवली, तर उद्या या माडीवर कुत्रं विश्वास ठेवणार नाही.

व्हेल्डा : चढवू नकाच. मीच चढवू देणार नाही. खाली पिटमध्ये आम्हा बायकांना पाऊल टाकू देत नाहीत. बाई आली की म्हणे गाडीला अपशकुन! पण निकाल लागतो तो आमच्या पेन्सिलीवर. तेवढाच तर आमचा ताठा. तोही घालवू?

अर्लीन : तू घे ना पाणी.

व्हेल्डा : तुला पाण्याचं काय वेड लागलंय गं? बरं झालं बाई, तुझ्या हॉइटला कप मिळतोय. वर्षभरात एखादी तरी शर्यत जिंकलेल्यांनाच इथं बोलावतात. पाच वर्षांत एक जिंकला बिचारा, आणि...

अर्लीन : बिचारा म्हणायचं नाही त्याला.

व्हेल्डा : चुकलं.

अर्लीन : या बोलावण्याचं पत्र न्हाव्याला दाखवलं, पाद्र्याला दाखवलं, पेट्रोल भरायला आलेल्या परक्या माणसालासुद्धा दाखवलं. घड्या घालून घालून फाटलं, तर चिकटपट्टी लावून खिशात ठेवलंय. या शर्यतीचे गुण मिळत नाहीत, काही नाही. नुसता मान. पण हॉइटला तोच हवाय.

क्लेग : खालून फोन आहे. हॅलो! बोला. हो, तोच घोळ चाललाय. काय म्हणाला? पुन्हा सांगा. बरं.

व्हेल्डा : कॉय शिव्या घालतोय ना मला?

क्लेग : कॉयचाच निरोप आहे. म्हणाला, व्हेल्डाच्या कार्डावर एकशे एकोणपन्नास असतील, तर मी एकशे एकोणपन्नासच धावलो. कोणी वाद घालायचा नाही.

व्हेल्डा : असं म्हणाला? घरी मोज्यांचा जोड सापडत नाही म्हणून तासभर भांडतो मेला, आणि आज चारचौघांत असं बोलतो! रुमाल दे गं.

अर्लीन : नशीब काढलंस.

व्हेल्डा : तुझा हॉइटही हेच म्हणाला असता.

अर्लीन : कोण जाणे. त्याच्यावर अशी वेळच कधी आली नाही.

क्लेग : मग मी निकाल लिहितो. पहिला, एक्केचाळीस नंबर, हॉइट शुमेट...

अर्लीन : थांबा, मिस्टर क्लेग. माझं कार्ड घ्या.

क्लेग : तुमचं तपासलं. दीडशे पूर्ण, अक्षर मोत्यासारखं.

अर्लीन : चौकटी तपासल्यात. समास बघा.

क्लेग : हे बारीक बारीक काय? स्वेटरचे टाके मोजलेत का?

अर्लीन : दर फेरीला हॉइटच्या पुढे कोण आणि किती सेकंद, ते लिहिते मी. मागच्यांचं मला काय करायचंय? सत्त्याण्णवावी वाचा.

क्लेग : तुमची वेळ दोन एक्केचाळीस एकतीस. समासात लिहिलंय, सत्तावीस नंबर, दोन. म्हणजे कॉय दोन सेकंद आधी गेला, एकोणतिसाला. सहा नि तेवीस एकोणतीस. एकोणतीस नि तेवीस बावन्न. अरे देवा! तो थांबलाच नव्हता.

व्हेल्डा : अर्लीन! तुला पहिल्यापासून माहीत होतं?

अर्लीन : पहिल्यापासून. दहा मिनिटं तुला पाणी पाजत बसले ना, घसा माझा सुकला होता. कप कुठल्या फळीवर ठेवायचा, तेही ठरवून झालं होतं माझं.

व्हेल्डा : मग गप्प राहायचंस! समास कोण बघायला येत होतं?

अर्लीन : मला दिसला असता ना. रोज ती फळी पुसताना.

क्लेग : समास आमच्या नियमात बसत नाही. पण हरणाऱ्याच्याच घरचा पुरावा आहे. याहून पक्का कुठून आणू? पहिला सत्तावीस, दुसरा एक्केचाळीस. कर्ण्यावर सांगा म्हणून खाली कळवतो.

व्हेल्डा : हॉइटला मी सांगते. माझ्या चुकीपायी झालं सगळं.

अर्लीन : काही नको. पेन्सिल माझी होती, तोंडही माझंच. खिडकी उघड तेवढी, खाली हॉइट आलाय.

हॉइट : ए अर्लीन! कर्णा काय बोलतोय? मी दुसरा?

अर्लीन : दुसरा!

हॉइट : इथं म्हणताहेत, वर कोणीतरी कागद दाखवला!

अर्लीन : मीच दाखवला! कॉयची राहिलेली फेरी माझ्या कार्डावर होती!

व्हेल्डा : काय करतोय गं तो?

अर्लीन : टोपी काढलीय. मान खाली आहे.

व्हेल्डा : रागावला?

अर्लीन : इतक्या उंचावरून काय कळणार!

हॉइट : अर्लीन!

अर्लीन : काय!

हॉइट : तू स्वतः लिहिलंस?

अर्लीन : मी स्वतः!

हॉइट : मग बरोबरच असणार! ऐकलंत का रे सगळ्यांनी? माझ्या बायकोनं लिहिलंय ते! आता घरून आणलेला चिकनचा डबा घे आणि खाली ये!

अर्लीन : खाली? पिटमध्ये बायकांना सोडत नाहीत, माहीत नाही का तुला?

हॉइट : तू ये तर खरी! फाटकाशी मी उभा आहे. कोण अडवतो ते बघतोच!