वाटेवरची मावशी

चढ कठीण की ऊन, असं तुम्ही विचारताय. मला सगळ्यात कठीण गेली ती हरमलची मावशी.

चोपडे ते केरी शर्यत होती, म्हणून मी दर रविवारी त्या रस्त्याने पळायचो. मावशीचं घर ऐन रस्त्यावर. पहिल्याच रविवारी तिने आईला फोन केला, "तुझो झील दारासमोरसून गेलो, मान सुद्धा वळवूक नाय. आमचा काय चुकला?"

पुढच्या रविवारी मुकाट्याने थांबलो. चहा झाला, भाकरी झाली, वर काकडीची तवसळी झाली. केरीपर्यंत पोट धरून चालत गेलो. शेवटी तिला समजावलं, "मावशी, शर्यतीत जो थांबला तो मागे पडला. त्या दिवशी मला हाक मारू नकोस."

"बरा," म्हणाली आणि तोंड फुगवून आत गेली.

शर्यतीच्या दिवशी माझ्यापुढे दोघेच होते. हरमलला पोचलो तर रस्त्यावर ते दिसेनात. म्हटलं, गेले केरीला. मावशीच्या घराकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी मान वळलीच. दोघेही तिच्या ओसरीवर बसलेले. छातीवर नंबर, हातात कप, पुढ्यात तवसळी. मावशी किटली घेऊन फाटकापर्यंत आली. आता मलाही थांबावं लागणार म्हणून मी पाय आवरले, तर दबक्या आवाजात म्हणाली,

"तू धाव रे. तेंका मी अजून एक कप देतंय."