वाडीच्या विहिरीचं पाणी

पांडू : कळशी द्या इकडं, बाय. होडी हलली तर सांडंल.

आनंदीबाई : असू दे मांडीवर. सांडलं तर माझ्याच लुगड्यावर सांडेल.

पांडू : ही मुंबईची मंडळी बघा. तबकडीचा बाजा आनलाय, पुऱ्यांचे डबे आनलेत, पोरांना चेंडू आनलाय. स्वराज्य आल्यापासून दर रविवारी अर्नाळ्याचा किल्ला बघायला नुसती झुंबड. पन भरली कळशी घेऊन सहलीला निघालेलं मानूस आज पयल्यांदा बघतोय.

आनंदीबाई : बेटावर जायचं म्हणजे प्यायला पाणी नको? चारी बाजूंनी खारट.

पांडू : किल्ल्यात विहिरी हायत की! पानी असं गोड, हे मुंबईवाले बाटल्या भरून नेतात.

आनंदीबाई : ठाऊक आहे मला.

पांडू : ठाऊक हाय? मंग ही कळशी?

आनंदीबाई : तू वल्ही मार रे बाबा. किती बोलतोस!

पांडू : कंच्या गावच्या तुमी?

आनंदीबाई : दादरची.

पांडू : दादरच्या बाया होडीत पाय ठेवताना किंचाळतात. आनी त्यांच्या बोटांना केळीच्या चिकाचे काळे डाग नसतात.

आनंदीबाई : बरं, वाघोलीची आहे. वाडी आहे आमची, केळीची आणि पानवेलीची. झालं समाधान? तो बुरूज कुठला, ते सांग.

पांडू : तो मोठा बुरूज. त्याच्याकडनं आत गेलं की कालिकामातेचं देऊळ. आनी अलीकडं आमा कोळ्यांची घरं.

आनंदीबाई : देवळापाशी उभं राहिलं, तर त्या घरांची अंगणं दिसतात का रे?

पांडू : कोनाचं अंगन बघायचंय?

आनंदीबाई : कुणाचं नाही. सहज विचारलं.

पांडू : हिराजीचं?

आनंदीबाई : तुला... तुला कुणी सांगितलं?

पांडू : सांगायला कशाला पायजे? सूनबायची हनुवटी रोज बघतो, तीच आता समोर बसलीय. हिराजीचा बाप हाय मी. पांडू.

आनंदीबाई : अगंबाई! मघापासून मी तुम्हाला अरेतुरे करतेय. होडी मागे फिरवा. पाया पडते तुमच्या.

पांडू : आनी ह्या मंडळींना काय सांगू? बसा गुमान.

आनंदीबाई : मला भेटायचं नव्हतं तिला. नुसतं दुरून बघून परत जाणार होते. आगाशीच्या बाजारात तुमच्या कोळणी बोलतात, ती फार वाळलीय म्हणून. दोन वर्षं पोटची पोर डोळ्यांना दिसली नाही हो. जेवण जात नाही मला.

पांडू : वाळली कसली! सातवा लागलाय तिला.

आनंदीबाई : सातवा? माझ्या प्रमोदिनीला सातवा महिना, आणि मला कुणी कळवू नये?

पांडू : कळवनार कसं? मासळीचं खत घेऊन तुमच्या वाडीवर आलो, तर नरहरीभाऊंनी फाटकातनंच हाकललं. म्हनाले, खत टाकायला तुझा पोरगा आत आला आनी माझी पोरगी घेऊन गेला. आता केळी सुकल्या तरी चालंल, पन तुमचं खत नको.

आनंदीबाई : ते हे लग्नच मानत नाहीत. म्हणतात, अंतरपाट नाही, मंगलाष्टका नाहीत, कसलं लग्न? तिचं नाव काढायचं नाही घरात.

पांडू : आनी तुमी?

आनंदीबाई : मला कोण विचारतं?

पांडू : मी इचारतोय ना. किल्ल्यात गोड पानी हाय, हे ठाऊक असून तुमी एवढी कळशी वाहून आनलीत. ती कशापायी?

आनंदीबाई : तुम्ही कळून सवरून विचारताय.

पांडू : तुमच्या तोंडून ऐकू द्या.

आनंदीबाई : लेकीला मूल होईपर्यंत आईने तिच्या सासरचं पाणी प्यायचं नसतं. आमच्यात पाळतात. म्हणून आमच्या विहिरीचं आणलं.

पांडू : सासरचं म्हनालात.

आनंदीबाई : हो. सासरचं म्हणाले.

पांडू : म्हंजे लगीन मानलंत तुमी! दोन वर्सं मनात तुमचा राग धरून बसलो होतो, व्याहीनबाय. जाऊ द्या. आज मला लई बरं वाटलं.

(होडी वाळूला लागते. मुंबईची मंडळी बाजा सांभाळत उतरून किल्ल्याकडे जातात.)

पांडू : हळू. गुडघाभर पानी हाय, माझा हात धरा. ए सूनबाय! इकडं बघ, कोन आलंय!

प्रमोदिनी : आई? आई गं!

आनंदीबाई : धावू नकोस! वाळूत पाय मुरगळेल. तिथेच थांब, मी येते.

प्रमोदिनी : एकटी आलीस? बाबा?

आनंदीबाई : एकटीच. नीट उभी राहा, बघू दे मला. कोण म्हणतं वाळलीस? गाल बघ केवढे वर आलेत.

प्रमोदिनी : दर रविवारी होड्या लागल्या की मी इथे येऊन उभी राहते. सगळ्यांची तोंडं बघते. हे म्हणतात, मुंबईच्या लोकांना काय बघायचं? मी म्हणते, असंच.

आनंदीबाई : रडू नको, बाय. अशा दिवसांत रडू नये. मीच रडते दोघींचं.

पांडू : रडनं मागनं करा. पोरी, आईला किल्ला दाखव आधी. सगळे त्याच्यासाठीच येतात.

आनंदीबाई : दगड काय बघायचे? मला तुझी चूल दाखव. निजतेस कुठे, ते दाखव. सुकेळी आणलीत, मोठ्या राजेळी केळ्यांची. तुला आवडतात तशी मऊ ठेवलीत.

पांडू : सांजेच्या आत होडी परत सुटंल हां, व्याहीनबाय. मंग आज दुसरी न्हाय.

आनंदीबाई : ह्या मंडळींना सोडून या तुम्ही. मी उद्या सकाळी निघेन.

प्रमोदिनी : आई, वेड लागलं का? रात्रभर घरी नसलीस, तर बाबा विचारतील. काय सांगशील त्यांना?

आनंदीबाई : सांगेन, मुलीच्या सासरी राहिले होते.