पोसक्काचं 'रा'

"उपासाच्या दिवशी खानाऱ्याच्या तोंडाकडे पाऊ नोको, बाई." सासूबाईंचं ते सांगणं आठवून, मूल गावच्या कला महोत्सवात नातवासाठी वड्यांच्या रांगेत उभ्या असलेल्या प्रेमिलाबाईंनी नजर खाली वळवली. कान मात्र पुढच्या जोडप्याकडे गेले.

"तोंड काऊन फुगवलं, रुखमा?"

"सिरोंच्याच्या पोसक्काले वचन देल्लं होतं, तुह्यासंग नाचीन म्हनून. काल भर नाचात मले हात दाखवून म्हनते, 'रा, रा!'"

"मंग?"

"मंग का? 'तिथीच राय' म्हनते वाटलं. रायली उभी खांबावानी! आन् आता तेच माह्याशी बोलत नाई."

"अवो, तेलगूत 'रा' म्हंजे 'ये'!"

"आँ? तुमाले का मालूम?"

"मिरच्या तोडाले तेलंगनात गेलतो ना! मालकीन 'रा' म्हने, का मी जेवाले धावो."

"मंग काल काऊन नाई सांगतलं?"

"तू बोलली कुठी? रातभर भिंतीकडे तोंड!"

"अवो, आज तिचा शेवटचा नाच हाय. मंग गाडी सुटते तिची!"

मंडपात ढोल घुमला.

"आन् वडे?"

"तुमी खा."

रुखमाबाईंनी पदर कमरेला खोचला, चपला नवऱ्याच्या हाती दिल्या आणि मंडपाची वाट धरली.