जावयाची वेबसाइट

आमच्या धाकट्या भावानं मुळशीत रिसॉर्ट काढलं, त्याची वेबसाइट केली हिंजवडीत नोकरी करणाऱ्या त्याच्या जावयानं. मागं जायचं बटण दाबलं की तेच पान परत हजर.

"दादा, लोक वैतागत्यात, बुकिंग एक न्हाई," भाऊ रडकुंडीला आला. पण जावयाला बोलणार कोण? मीच विचारलं.

जावई म्हणाले, "काका, आत आलेलं गिऱ्हाईक बाहेर सोडायचं नसतं."

रविवारी जावई नि पुतणी रिसॉर्टवर जेवून निघाले, तर मी फाटकाला कुलूप लावलेलं.

"काका, चावी?"

"आत आलेलं गिऱ्हाईक तुमी. आमटी घ्या अजून."

शेवटी जावई रिसॉर्टच्याच ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बसले नि बटण सुरळीत करून आले.

मी कुलूप काढलं, तशी गाडीतनं पुतणी म्हणाली, "काका, ते कुलूप मला द्या. आमच्या घरचा नळ वर्षभर गळतोय."