राघोची बडबड

मोखाड्याच्या नाक्यावर जीप भरायची वाट बघत उभी होती. आत बसलेल्या सुशीलाबाईंचं सोमवारचं मौन होतं. कान तेवढे मोकळे होते; समोरच्या बाकावरचं बोलणं ऐकू येत होतं.

“राघो, पोरीला पहिलीत घालायला निघालास? सातव्या महिन्यात झालेली ती! शाळेत नुसती बसून राहील. माझ्याकडं ठेव, शेळ्या राखील.”

“सुकरीमावशी, तेव्हा नर्सबाई म्हणाल्या, छातीशी धरा नि बोलत राहा. मी बोलतच राहिलो.”

“बघितलंय ते! गाव म्हणायचा, राघोच बाळंत झाला. एवढं काय बोलायचास रे?”

“दिसेल ते. ही नागली, हा कोंबडा, हा तुझा आजा घोरतोय.”

“आणि तिला कळायचं?”

“काय माहीत! ऐकायची मात्र. आता तीच मला गप्प बसू देत नाही.”

“चला, भरली गाडी!” ड्रायव्हरनं चावी फिरवली.

पाणी आणायला उतरलेली राघोची बायको अजून परतली नव्हती. सुशीलाबाई मौन मोडणार, एवढ्यात राघोची पोरगी रविना ओरडली,

“काका, थांबा! आईला धरून आपण अकरा, आत दहाच. आई राहिली!”

राघोनं जीभ चावली. सगळी जीप हसली.

सुकरीमावशी जरा सरकली.

“रविना, ये, इथं खिडकीशी बस. शाळा येईपर्यंत मला सांग, काय काय दिसतं ते.”