खोडलेलं नाव

हॅलो? हॅलो, बोरिवली? मी बोईसरच्या पोस्टातून… दांडीचा वामन मास्तर. तुमच्या दुकानावरच्या खोलीत माझी मुलगी राहते, जमना, तिला जरा… कोण? जमनाच बोलतेस? अगं, आई…?

पोचली? कधी? … हो, हो, ऐकतोय. पोस्टमास्तर… भगवंतराव, पोचली हो! आमची मंडळी पोचली!

नाही गं, रडत नाही. सकाळी मीच गाडीत बसवून दिली, आणि दुपारी तुझा निरोप, आई आली नाही म्हणून… जावई पहिल्या पाळीला, तुझे दिवस भरलेले. कोण शोधणार होतं तिला?

माझंच चुकलं. तिला दिलेल्या पत्त्याच्या चिठ्ठीवर रस्त्याचं नवं नाव लिहिलं ना मी, स्वामी विवेकानंद मार्ग. पेपरात आलं होतं. आधी घोडबंदर रोडच लिहिलं होतं. मग वाटलं, नाव बदललंय, मास्तरानं जुनं कसं लिहायचं… म्हणून खोडलं. … कुणालाच माहीत नाही? पोलिसालासुद्धा? … अरे देवा.

दे, दे तिच्याकडे.

रखमा? बरी हायस ना? … हो, मीच. … शिव्या मागाहून दे गं, ट्रंक कॉलला तीनच मिनिटं मिळतात. … टोपलीतले बोंबील राहू देत, तू कशी हायस?

काय सांगतेस! त्या रस्त्यावरच उभी राहून रस्ता विचारत होतीस? … दोन तास?

मग पोचलीस कशी? … काय विचारलंस? 'घोडं उतरायचं तिकडं जाणारा रस्ता'? … म्हणजे ऐकत होतीस तू! गाडीची वाट बघताना मी सांगत होतो तेव्हा तर जांभया देत होतीस. … हो, घोडबंदरला, खाडीवर. अरबी घोडे उतरायचे म्हणतात. मी आपलं वाचलंय, नक्की कसं सांगू… बरं, बरं, पुढं?

टांग्यांच्या अड्ड्यावर पाठवलं! … नाही गं, हसत नाही. … बरं, थोडासा हसलो.

आणि टांगेवाल्याला वाचता येत होतं? … टांग्यात बसलेल्या बाईंना. … चिठ्ठी उन्हात धरली… आणि खोडलेलं वाचलं? दिसत होतं?

हो… दिसणारच. मी गच्च खोडत नाही कधी. एक बारीक रेघ मारतो. … कशाला म्हणजे? खात्री नसते गं मला. न जाणो, पहिलंच बरोबर असायचं. … ठाऊक हाय, चाळीस वर्षं ऐकतोय तुझं, मास्तरांना धड खोडताही येत नाय म्हणून…

काय? मोठ्यानं बोल, खरखर होतेय. … परत सांग. … गच्च खोडलं असतं तर अजून तिथंच उभी असतीस?

ऐकलं गं, ऐकलं.

पुढच्या वेळी दोन्ही नावं लिहीन. … खोडणार नाही. … घोडे? घोडे नाही लिहिणार चिठ्ठीवर, शपथ! … अगं, हसतेस काय एवढी? जमनापण? … हसा, हसा.

भगवंतराव, आणखी तीन मिनिटं द्या ना. … नाही हो, काही बोलत नाहीये ती. नुसती हसतेय. … हो, तेवढ्यासाठीच.