मालनबाई हरवल्या तेव्हा

मिरजगावला निघालेल्या एसटीत सत्यशीला मांडीवर झोपलेल्या लेकीला सावरून बसली होती. पुढच्या बाकावर मुलींच्या वसतिगृहातल्या दोघी होत्या, तरुण काळजीवाहक रुपाली आणि स्वयंपाक करणाऱ्या मालनबाई. मूल हरवलं तर काय करायचं, याचं नगरचं प्रशिक्षण आटोपून दोघी परत चालल्या होत्या.

“मावशी, सरावापुरती हरवलेली मुलगी व्हा म्हटलं, तर तुम्ही अर्धा तास सापडलाच नाहीत!”

“तिथल्याच स्वयंपाकघरात मेथी निवडत हुते की. तुमी गच्ची धुंडाळली! ह्या गुडघ्यांनी मी जिना चढंन व्हय?”

“फॉर्ममध्ये कपड्यांचा रंग विचारला होता. मी हिरवं लुगडं लिहिलं.”

“आन हे जांभळं हाय! सकाळी शेजारीच बसून आलीस ना गं?”

“हसू नका. आपल्या वसतिगृहातल्या सृष्टीनं आज काय घातलंय, सांगा बरं.”

“पिवळा फ्रॉक. बाहीला काळ्या दोऱ्याचा टाका हाय, मीच घातलेला. डाव्या भिवईपाशी वण. रुसली की गोठ्यात वासराजवळ जाऊन बसती. आधी तिथं बघायचं, न्हाई दिसली की लगेच पोलिसांना फोन.”

“मग हे तिथं का नाही सांगितलंत?”

“सांगू कुणाला? समदे मलाच शोधत हुते!”

सत्यशीलाला राहवेना. ती पुढं वाकली.

“मावशी, दसरा झाला की आमी ऊसतोडीला जानार. माझ्या पोरीला ठिवून घ्याल का तुमच्याकडं?”

मालनबाई वळल्या. झोपलेल्या पोरीकडं त्यांनी निरखून पाहिलं.

“वसतिगृहाच्या मॅडमला इचारू. पर आधी मला सांग, रुसली की कुठं जाऊन बसती ही?”